पश्चिमेला ठेवलेले तांदूळ

हिंगणघाटच्या शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वी गोल आहे, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. पण त्या वाक्यावर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता, हे मला छप्पन सालच्या जानेवारीत कळलं. ज्या रीतीने कळलं, तशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

सुलोचना आमची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. जावई कापसाच्या वाणांचा अभ्यास करायला कॅलिफोर्नियात गेले होते आणि तिथल्या संस्थेने बायकोसाठीही विमानाचं तिकीट पाठवलं होतं. मुंबईहून कोपनहेगन, तिथे दोन दिवस मुक्काम, मग दुसऱ्या विमानाने लॉस अँजेलिस. ही नावं आमच्या आळीत धडपणे उच्चारू शकणारा मी एकटाच, त्यामुळे माझी मान आधीच ताठ झाली होती.

माझी बायको अनुसया शाळेत गेलेली नाही. तिचा भूगोल वेगळा, दिशाशूलाचा. सोमवारी-शनिवारी पूर्वेला जायचं नाही, मंगळवारी-बुधवारी उत्तरेला नाही, गुरुवारी दक्षिणेला नाही, शुक्रवारी-रविवारी पश्चिमेला नाही. मी यावर आयुष्यभर हसत आलो. "तुझ्या हिशेबानं रेल्वेवाल्याईनं गाड्या बंदच ठेवाले पायजे," असं मी म्हणायचो आणि ती तोंडाला पदर लावून म्हणायची, "हासा तुमी."

पण मुलगी सातासमुद्रापार चालली होती. जोशीबुवांना घरी बोलावलं गेलं. त्यांनी पंचांग उघडलं आणि मला विचारलं, "मास्तर, अमेरिका कोणत्या दिशेला?"

हा प्रश्न मला कुणी तरी विचारावा म्हणून मी जणू बावीस वर्षं थांबलो होतो. शाळेतून बाद झालेला जगाचा मोठा नकाशा मी बैठकीच्या भिंतीवर टांगला होता. उठलो, लाकडी पट्टी घेतली, लाल पेन्सिलीने हिंगणघाटपासून कोपनहेगन आणि कोपनहेगनपासून लॉस अँजेलिस अशी सरळ रेघ ओढली. इंग्लंड, मग निळा अटलांटिक, मग अमेरिका. "पश्चिम," मी म्हणालो. "आंधळ्यालाही दिसेल."

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, माझ्या ज्ञानाचं कौतुक चाललं आहे.

जोशीबुवा म्हणाले, "विमान शुक्रवारचं, आणि सातासमुद्रापारचं जाणं विमानापासूनच धरायचं. शुक्रवारी पश्चिम वर्ज्य. तेव्हा बुधवारी सकाळी पश्चिमेला प्रस्थान ठेवा. उत्तर असती, तर बुधवार मी मेलो तरी दिला नसता."

प्रस्थान म्हणजे काय, ते सांगतो. चांगल्या वेळेला माणसाला निघता येत नसेल, तर त्याच्या नावाची पुरचुंडी त्या वेळी पाठवायची. तांदूळ, सुपारी, हळकुंड एका फडक्यात बांधायचं आणि जायच्या दिशेला जे घर असेल तिथे नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या घटकेलाच सुरू झाला. अनुसयाच्या माहेरी याला आणखी एक शेपूट होतं. निघताना त्यातले निम्मे तांदूळ प्रवाशाने सोबत न्यायचे, निम्मे त्याच घरी राहू द्यायचे. तो सुखरूप पोचल्याची खबर आली की ते निम्मे घरी आणून शिजवायचे आणि घरच्यांनी खायचे. वाईट खबर आली, तर पुरचुंडी न सोडता तशीच वेना नदीत सोडायची. खबर येईपर्यंत मात्र तिला हात लावायचा नाही.

आमच्या पश्चिमेला तानबाचं घर. बुधवारी सकाळी पुरचुंडी तिथे गेली. गुरुवारी सुलोचना तानबाच्या घरावरून निम्मे तांदूळ घेऊन स्टेशनवर गेली. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून आईला म्हणाली, "ध्यान देजो, माय." मला वाटलं, तब्येतीकडे लक्ष दे म्हणते आहे.

मग माझा खेळ सुरू झाला. एका टाचणीला कागदाचा झेंडा लावला आणि रोज सकाळी चहा झाला की तो लाल रेघेवरून पुढे सरकवू लागलो. अनुसया दारात उभी राहून विचारायची, "आज कुठं हाये पोरगी?" मी सांगायचो. रविवारी कोपनहेगनला पोचल्याची तार आली. मंगळवारी तिथून विमान सुटणार होतं. बुधवारी झेंडा समुद्राच्या मधोमध होता, गुरुवारी सकाळी मी तो लॉस अँजेलिसवर टोचला आणि म्हणालो, "घे. पोचली."

"तार?" अनुसयाने विचारलं.

"येईल उद्या."

शुक्रवारी आली नाही. शनिवारीही नाही. शनिवारी शाळेच्या वाचनालयात नागपूरचं वर्तमानपत्र चाळताना आतल्या पानावर चार ओळींची बातमी दिसली. ग्रीनलंडच्या बर्फाळ मुलखावर एक विमान बुधवारपासून बेपत्ता आहे. हवामान अत्यंत खराब. विमान कुणाचं, आत माणसं किती, याचा पत्ता नाही.

मी त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. मग मी मनातल्या मनात नकाशा उलगडला. ग्रीनलंड कुठे, आमची रेघ कुठे! ते पार वर, नकाशाच्या आढ्याला लागलेलं पांढरं धूड. आमची मुलगी खाली मोकळ्या समुद्रावरून गेली. कुणाचं तरी असेल बिचाऱ्यांचं, असं म्हणून मी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मला हलकं वाटलं, हे कबूल करायला आज लाज वाटते.

सोमवारी दुपारी मधल्या सुट्टीत पोस्टमन नत्थू शाळेतच आला. "मास्तर, फॉरेनचं पाकीट." सुलोचनाचं अक्षर. कोपनहेगनहून सोमवारी, म्हणजे विमान सुटायच्या आदल्या दिवशी लिहिलेलं. थंडीबद्दल होतं, बेचव जेवणाबद्दल होतं. आणि शेवटी हे होतं:

"बाबा, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. रागावू नका. हे विमान तुमच्या रेघेवरून जात नाही. ते इथून सरळ उत्तरेला चढतं आणि ग्रीनलंडच्या बर्फावरून जातं. तिथे तेल भरायला उतरतं. तीच जवळची वाट आहे. उद्या मंगळवारी रात्री निघणार. सहा महिन्यांची रात्र बघायला मिळेल, असं इथली बाई म्हणत होती."

मी पत्र तीनदा वाचलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती खरोखर सरकते. मी शिक्षकांच्या खोलीतल्या बाकावर बसलो आणि बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

शाळेत पृथ्वीचा एक गोल आहे. मुलं गरगर फिरवतात म्हणून तो कपाटात कुलूपबंद असायचा. मीच तसा हुकूम करून घेतला होता. किल्ली आणली. सूतकताईच्या वर्गातून टकळीवरचं हातभर सूत तोडून आणलं. एक टोक कोपनहेगनवर, दुसरं लॉस अँजेलिसवर धरून सूत ताणलं. ते आपोआप सरकून वर गेलं आणि ग्रीनलंडच्या पाठीवर जाऊन बसलं. मी ते खाली ओढलं, माझ्या निळ्या समुद्राकडे. सैल पडून लोंबू लागलं. ताणलं की पुन्हा वर.

गोलावरची सगळ्यांत जवळची वाट अशीच जाते. पुस्तकात तिला बृहद्वृत्त म्हणतात. मी ती व्याख्या दर वर्षी मुलांकडून घोकून घेत असे, चुकलं की छडी मारत असे. आणि स्वतःच्या मुलीची वाट मात्र सपाट कागदावर पट्टीने आखली.

मग मला दुर्बुद्धी सुचली. मी सुताचं एक टोक हिंगणघाटवर धरलं आणि दुसरं लॉस अँजेलिसवर. सूत ताणलं. ते पश्चिमेला गेलंच नाही. हिमालयावरून, सायबेरियावरून, ध्रुवाच्या अंगाने, जवळजवळ सरळ उत्तरेला गेलं. आमच्या घरून अमेरिका उत्तरेला होती. आणि मी जोशीबुवांना पश्चिम सांगून बुधवार घेतला होता. वर विमान मंगळवारचं. उत्तरेला वर्ज्य असलेले दोनच वार, आणि दोन्ही मी माझ्या हाताने पोरीच्या कपाळी लिहिले होते.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. हे वाक्य मी त्या कपाटासमोर उभा राहून मोठ्याने म्हणालो. आवाज माझा वाटेना.

पत्र कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि घरी गेलो. अनुसयाने विचारलं, "नत्थू आलता का?" मी म्हणालो, "नाई."

पुढचे दोन दिवस मी भ्यालो होतो, याहून वेगळा शब्द मला सापडत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. फळ्याकडे वळलो की बर्फाची पांढरी पाटी दिसायची आणि तिच्यावर एक लहानसा काळा ठिपका. पोरांची सव्वीस जानेवारीची कवायत चालू होती. शिट्टी वाजली की मी दचकायचो. घास गिळताना वाटायचं, तिला शेवटचं काय खायला मिळालं असेल? बेचव जेवण, असं तिनेच लिहिलं होतं. दिवसातून तीनदा तारघरात जायचो. तारबाबू मला पाहिलं की लांबूनच मान हलवायचा. जावयांना तार करावी म्हटलं, तर हात धजेना. उत्तर आलं आणि ते तसलंच आलं तर? जोवर खबर नाही, तोवर ती आहे. एवढ्याच एका दोऱ्याला मी लोंबकळत होतो.

घरी त्याहून कठीण. मंगळवारी सकाळी अनुसया रोजच्यासारखी नकाशापाशी आली. लॉस अँजेलिसच्या ठिपक्याला तिने कुंकवाचं बोट लावलं आणि विचारलं, "आज काय करत असंल पोरगी?"

"संसार मांडत असंल," मी म्हणालो. "तारेले उशीर होते. लई लांब हाये."

"हो ना," ती म्हणाली. "लई लांब हाये." आणि चहा आणायला आत गेली. इतक्या साध्या बाईशी मी इतकं खोटं बोलतो आहे, याने मला आणखी भीती वाटली. तिला उत्तर, मंगळवार, बुधवार हे एका ओळीत कळलं, तर ती उभी कोसळेल आणि मग तिच्या डोळ्याला डोळा देणं मला या जन्मात जमणार नाही, याची मला खात्री होती.

बुधवारी शाळेतून अर्धी रजा काढली. का, ते स्वतःला सांगितलं नाही. पाय तानबाच्या घराकडे गेले. तानबा अंगणात कापसाची बोंडं निवडत बसला होता.

"तानबा, ती पुरचुंडी दे."

तो उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला. "खबर आली का, मास्तर?"

"नाई आली. जागा बदलाची हाये."

"काऊन? खबर आल्याबिगर हात लावत नाई तिले."

"माह्यावर इश्वास ठेव, बापा."

बावीस वर्षं दिशाशूलावर दात काढणारा माणूस कोटाखाली तांदळाची पुरचुंडी लपवून भर दुपारी गल्लीतून चोरासारखा निघाला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात उदाहरणासकट शिकवतो. आता उदाहरण शोधायला लांब जायला नको होतं. आमच्या घराच्या उत्तरेला कंपाउंडरचं घर. त्यांची बायको प्रमिलाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. मी पुरचुंडी पुढे केली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"प्रमिलाबाई, हे तुमच्या घरी ठेवाचं हाये. सुलोचनाचं परस्तान. अनुसयाले सांगू नका."

तिने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे, मग पुरचुंडीकडे पाहिलं.

"आनखी एक?" ती म्हणाली. "मास्तर, एक तं ठेवलंच हाये ना अनुसयाबाईनं. पोरगी जाच्या आधीच्या सोमवारी. थे पाहा कोनाड्यात."

कोनाड्यात देवाशेजारी अनुसयाच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती. मी ती गाठ ओळखली. ती कशालाही तशीच दुहेरी गाठ मारते.

मी घरी कसा आलो, आठवत नाही. अनुसया स्वयंपाकघरात खाली बसली होती, पुढ्यात काही नव्हतं. माझ्या हातात पुरचुंडी पाहून ती समजली.

"प्रमिलाकडे गेलते तुमी," ती म्हणाली.

"तुले उत्तर कोनं सांगतली?"

ती उठली आणि फडताळातून एक संत्रं घेऊन आली. सुकून चिवट झालं होतं. त्याच्या सालीत दोन लवंगा टोचलेल्या होत्या आणि एकीपासून दुसरीपर्यंत, संत्र्याच्या देठाजवळून, काळा दोरा ताणून गुंडाळलेला होता.

"जावईबापूनं सुलीले चिठ्ठीत लिवलं होतं असं करून पाहाले. हे आपलं गाव, हे त्याईचं. पोरीनं इथंच बसून दाखवलं मले. दोरा पाहा कसा वरूनच जाते. उत्तर." ती लवंगेवरून बोट फिरवत राहिली. "तुमी जोशीबुवापुढे पट्टी घेऊन उभे होते. एवढे खूश होते तुमी. सुली म्हने, बाबाचा पानउतारा नको करू, माय. म्हून तुमचं पश्चिमेचं ठेवू देलं, अन् मी आपलं सोमवारी उत्तरेचं ठेवून घेतलं. निघताना दोन्हीकडचे निम्मे तांदूळ बांधून देले पोरीले."

मला रडू आलं नाही. लाज, आणि तिच्याखाली पुन्हा तीच भीती. तिला दिशा माहीत होती. पण वर्तमानपत्र माहीत नव्हतं. मी खिशातलं पत्र काढलं. आता सांगायलाच हवं होतं.

"अनुसया, शनिवारच्या पेपरात..."

"बर्फातलं विमान," ती म्हणाली.

मी पत्र जमिनीवर ठेवलं.

"कंपाउंडरसाहेबानं वाचलं. प्रमिलानं त्याच दिवशी सांगतलं मले." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मले वाटलं, तुमाले थी वाट ठाव नाई. तुमच्या रेघेवर पोरगी पोचली. निदान तुमी तरी सुखानं झोपा. म्हून रोज इचारत होती मी, आज कुठं हाये म्हून."

चार दिवस. चार दिवस ती नकाशापाशी येऊन कुंकू लावत होती, माझ्यासाठी. आणि मी तिच्यासाठी झेंडा दाखवत होतो. एका घरात दोन माणसं एकाच भीतीने मरत होती आणि एकमेकांना चहा देत होती. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. ती म्हणाली, "भेव वाटते जी मले." मी म्हणालो, "मलेही." लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, हे वाक्य आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच बोललो.

अंगणातून नत्थूची हाक आली, "मास्तर, तार!"

पत्र असतं तर तो आत येऊन बसला असता. तार देऊन तो दारातच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. तार इंग्रजीत होती. मी फोडली. अक्षरं जागेवर राहीनात. एकदा वाचली, कळली नाही, दुसऱ्यांदा वाचली.

अनुसया माझ्या तोंडाकडे बघत होती. जिवंत आहे का, असं तिने विचारलं नाही. तेवढा शब्द तिच्या तोंडून निघाला नसता. दोन्ही हात पोटाशी धरून तिने विचारलं, "चूल पेटवू? का वेनेवर जाचं?"

सगळं आयुष्य दिशा दाखवण्यात गेलेल्या माणसाने हात वर केला आणि चुलीकडे बोट दाखवलं.

ती मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडली. दारातला नत्थूही डोळे पुसू लागला. ग्रीनलंडला तेल भरायला उतरलेलं विमान वादळामुळे सहा दिवस तिथेच अडकून पडलं होतं. सुलोचना आदल्या दिवशी पोचली, खुशाल आहे, एवढंच तारेत होतं. जावयांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, असं मागाहून पत्रात आलं. आम्ही घाबरू म्हणून त्यांनी कळवलं नव्हतं. त्यांना काय बोलणार? आमच्याच घरचे जावई.

अनुसया उत्तरेची पुरचुंडी घेऊन आली. दोन्ही पुढ्यात ठेवल्या, पण घाईत स्वतःचीच दुहेरी गाठ तिला सुटेना. मी दातांनी सोडली. दोन्हीकडचे तांदूळ एका सुपात पडले आणि पश्चिम कुठली नि उत्तर कुठली ते कळेनासं झालं. ती निवडत बसली. मध्येच तिचा हात थांबला.

"अवो, मंग थे पेपरातलं विमान?"

"थे दुसरं कोनाचं तरी."

"त्याईची खबर?"

"नाई आली."

तिने सुपातून एक मूठ तांदूळ बाजूला काढले. हिरव्या फडक्यात ठेवले, सुपारी आणि हळकुंड ठेवलं आणि पुन्हा दुहेरी गाठ मारली. "खबर आल्याबिगर शिजवता येत नाई, अन् नदीतबी टाकता येत नाई," ती म्हणाली आणि पुरचुंडी घेऊन प्रमिलाबाईकडे निघाली.

त्या विमानाचं पुढे काय झालं, मी बरेच महिने वर्तमानपत्रात शोधलं. चार ओळीसुद्धा पुन्हा आल्या नाहीत. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. पुरचुंडी अजून कोनाड्यात आहे.